रानडे, भांडारकर वगैरे

गेल्या डिसेंबरात कॉलेजातून फोन आला. कॉलेज सोडून छत्तीस-सदतीस वर्षं झालेल्या माणसाला कॉलेज आठवण काढतं ते देणगीसाठीच, हे मला ठाऊक होतं. म्हणून नाव ऐकताच मी ‘‘सध्या घराचं प्लास्टर काढलंय हो’’ असं सांगून टाकलं. पलीकडचा तरुण आवाज म्हणाला, ‘‘सर, पैसे नकोत. तुम्ही पाहिजे आहात.’’ मी तिथे शिकत होतो त्या तीन वर्षांत हे वाक्य मला त्या इमारतीत कुणीही म्हटलेलं नव्हतं. त्या काळी माझ्या वाट्याला येणारी वाक्यं दोनच: ‘बाहेर जा’ आणि ‘वडिलांना घेऊन या’.

मग उलगडा झाला. नॅकची समिती येणार होती.

नॅक म्हणजे कॉलेजचा बघण्याचा कार्यक्रम. बंगळूरच्या कार्यालयाकडून कॉलेजची श्रेणी ठरवायला पाहुणे येतात, फिरून बघतात, पोहे खातात आणि ‘कळवतो’ म्हणून जातात. त्याआधी भिंतींना रंग लागतो, नर्सरीतून कुंड्या भाड्याने येतात आणि मुतारीच्या दाराला प्रथमच आतून कडी बसते. मुलीला गाता येतं का, असं पूर्वी विचारत. तसं ही मंडळी कॉलेजला माजी विद्यार्थी आहेत का, असं विचारतात. नुसते असून भागत नाही. ते काहीतरी झालेले लागतात.

‘‘अठ्ठ्याऐंशीच्या बॅचचा इतिहास आणि कीर्तिवंत माजी विद्यार्थी. दोन पानं, फोटोसकट. स्मरणिकेत टाकायचंय. तुम्ही लिहिता ना, सर?’’

मी लिहितो हे खरं आहे. दोन दिवाळी अंक आणि सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. ‘हो’ म्हणून बसलो.

इतिहास लिहायचा तर आधी साधनं बघावी लागतात. माझ्याकडे साधन एकच, बॅचचा ग्रुप फोटो. त्यात प्राचार्य स्पष्ट आहेत, त्यांच्या शेजारच्या स्टुलावरची फुलदाणी त्यांच्याहून स्पष्ट आहे आणि मागच्या तीन रांगांत केसांच्या कोंबड्यांची एक डोंगररांग पसरली आहे. तिसऱ्या रांगेत डावीकडून सातवा मी. आठवाही मी असू शकेन, कारण आम्ही सगळे एकाच न्हाव्याकडे जात होतो आणि त्याला एकच कट येत होता.

एवढ्यावर इतिहास उभा राहीना. तेव्हा म्हटलं, पहिल्या बॅचचं लोकांनी कसं लिहिलंय ते बघू. गणपतीची मूर्ती करायची तर एकदा सिद्धटेकला जाऊन यावं, तसं.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ ला. उत्तरेत तोफा धडाडत होत्या आणि इथे साहेब विद्यापीठाचे कागद रंगवत होता. राज्य राहतं की जातं याचा भरवसा नसतानाही परीक्षा वेळेवर झाली पाहिजे, हा बाणा पुढे आपल्या विद्यापीठांना टिकवता आला नाही. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. एकूण चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

चार! एका टॅक्सीत बसणारी बॅच. मला तर आधी त्यांची कीवच आली. चौघांच्या वर्गात प्रॉक्सी कशी लावणार? शेवटचा बाक कुठून आणणार? दोन बाक धरले तर एक पहिला आणि एक शेवटचा, आणि शेवटचा म्हणजे दुसराच. मागून खडू मारला तर मारणारा कोण हे सांगायला चौकशी समिती नको. तासाला दांडी मारून दोघं गेले की पन्नास टक्के वर्ग सामूहिक रजेवर. अशा परिस्थितीत चार पोरं शिकली नसती तरच नवल. आमच्या वर्गात शहाण्णव जण होते. न शिकण्याची सोय आम्हाला संस्थेनेच करून दिली होती.

बरं, विद्यापीठाला तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. राजाबाई टॉवर पुरा व्हायला १८७८ उजाडायचं होतं. म्हणजे विद्यापीठ आधी, पदवीधर मग, इमारत त्यानंतर आणि घड्याळ सगळ्यांत शेवटी. आमच्या तालुक्यात हा क्रम बरोबर उलटा आहे. आधी प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, तिच्यावर संस्थापकांचं नाव येतं, त्यांचा अर्धपुतळा येतो, आणि विद्यार्थी हळूहळू जमतील असा विश्वास असतो.

कलकत्ता विद्यापीठाची गंमत तर त्याच्याही वरची. तिथे १८५८ मध्ये पहिली बी.ए. झाली आणि सगळ्या विषयांत पुरता पास असा एकही विद्यार्थी निघेना. शेवटी दोघांना एका विषयात काही मार्कांची कृपा करून पदवी दिली. त्या दोघांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ‘वंदे मातरम्’ लिहिणारा माणूस ग्रेस मार्कांवर सुटलेला आहे, ही बातमी मला वेळेत, म्हणजे १९८८ च्या एप्रिलमध्ये, कुणी दिली असती तर मी वडिलांसमोर जरा ताठ मानेने उभा राहिलो असतो.

मुद्दा तो नाही. मुंबईच्या पहिल्या बॅचबद्दल जिथे जिथे वाचलं तिथे तिथे वाक्य साधारण सारखंच भेटत गेलं: ‘रानडे, भांडारकर वगैरे विद्यापीठाचे पहिले पदवीधर.’ हा ‘वगैरे’ जरा थांबून बघा. बॅच चौघांची. दोघांची नावं घेतली. उरले दोघं. त्या दोघांसाठी ‘वगैरे’! लग्नाला शंभर माणसं आली असताना वगैरे म्हणणं मी समजू शकतो. पण चारांतले दोन? घरी कोण कोण असतं असं विचारल्यावर कुणी ‘मी, आई वगैरे’ म्हणतं का? बाप आणि भाऊ समोर बसलेले असताना?

आणि हे वगैरे काही ओट्यावर बसून नव्हते. मोडक एल्फिन्स्टन हायस्कूलचे पहिले भारतीय मुख्याध्यापक झाले. वागळे वकील झाले, प्रार्थना समाजाच्या कामात होते. आमच्या बॅचमधल्या कुणी यातलं अर्धं जरी केलं असतं तरी आम्ही त्याचा फ्लेक्स लावला असता, बसस्टँडच्या चौकात, दोन्ही बाजूंनी छापलेला, खाली शुभेच्छुक म्हणून आमचे एकोणीस फोटो.

तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. चौघांच्या बॅचमध्ये निम्मे वगैरे होत असतील, तर शहाण्णवांच्या बॅचमध्ये माझं काय होणार?

कामाला लागलो. कॉलेजने एक गूगल फॉर्म करून दिला होता, तो मी बॅचच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर रोज पहाटे पाचला गुलाबाची फुलं येतात आणि पावणेसहाला कढीपत्त्याचे मधुमेहावरचे उपयोग येतात. फॉर्म आल्यावर मात्र दोन दिवस शांतता पसरली. फॉर्ममध्ये रकाने होते: सध्याचे पद, मिळालेले पुरस्कार, परदेश प्रवास, महाविद्यालयाविषयी दोन शब्द.

उत्तरं आली ती मी जपून ठेवली आहेत. ‘सध्याचे पद’ या रकान्यात अकरा जणांनी ‘निवृत्त’ लिहिलं, सात जणांनी ‘माजी’ एवढंच लिहिलं, कशाचे ते लिहिलं नाही. एकाने ‘सासरा’ लिहिलं. मुलीचं बाळंतपण काढायला सहा महिने कॅनडात राहून आलेल्या मैत्रिणीने ‘परदेशस्थ’ अशी नोंद केली. ती फॉर्म भरताना गावच्या भाजी मंडईत होती. पुरस्कारांच्या रकान्यात एकाने तब्बल सहा ‘भूषण’ आणि तीन ‘रत्न’ लिहून पाठवले. त्याला फोन केला तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘अरे, नोंदणी फी भरावी लागते प्रत्येकाला. पण शाल चांगली देतात राव.’’ महाविद्यालयाविषयी दोन शब्द लिहा, याला आमच्या वर्गातल्या गणिती डोक्याच्या मित्राने मोजून दोन शब्द लिहिले: ‘ठीक आहे.’

मराठीत विद्यापीठात पहिली आलेली मुलगी आमच्या बॅचची. तिने पद लिहिलं ‘गृहिणी’. पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘पुरस्कार: रविवारी उशिरा उठण्याची परवानगी, सन २०१९ पासून.’ सगळ्या फॉर्मांत वाचण्यासारखं वाक्य हे एवढंच होतं. समन्वयकांनी ते वगळलं, कारण त्याला प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं.

समन्वयक म्हणजे फोनवरचा तो तरुण आवाज. प्रत्यक्षात अत्यंत सज्जन मुलगा, तासिका तत्त्वावर शिकवणारा, आणि कॉलेजातली सगळी कामं असतात तशी हीही त्याच्यावरच पडलेली. प्राचार्य मॅडमसमोर आमची बैठक झाली. मॅडमनी यादी हातात घेतली.

‘‘सर, तुमच्या बॅचमध्ये आय.ए.एस. कुणी?’’

‘‘नाही.’’

‘‘शास्त्रज्ञ?’’

‘‘आम्ही आर्ट्‌सचे, मॅडम.’’

‘‘मग साहित्यिक?’’

इथे मी नम्रपणे खाली बघितलं. मॅडम पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

‘‘आमदार?’’

‘‘एक आहे, पडलेला.’’

‘‘डिपॉझिट?’’

‘‘वाचलं होतं.’’

‘‘घ्या,’’ मॅडम म्हणाल्या.

घरी येऊन मी तोच फॉर्म पुन्हा उघडला आणि मनात आलं, १८६२ च्या चौघांनी हा भरला असता तर? रानड्यांचा फॉर्म तर समन्वयकाने पहिल्या फेरीतच बाजूला ठेवला असता. शिष्यवृत्ती: मिळाली होती, पण मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची निबंधात तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने झुकलं म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी सहा महिने थांबवली. शेरा: वर्तणूक संशयास्पद. नोकरी: न्यायखातं. बदली: १८७९ मध्ये धुळ्याला, कारण वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं, पुण्यात सरकारी वाड्यांना आगी लागल्या आणि सरकारला वाटलं, यामागे हा शांत दिसणारा माणूस तर नसेल? सरकारी नोकरीत असलेल्या माझ्या प्रत्येक मित्राची एकदा तरी धुळ्याला बदली झालेली आहे आणि ती आपल्यावरच्या खास आकसातून झाली असं प्रत्येकाला वाटतं. त्यांना मी आता सांगतो की, बाबांनो, ही वाट रानड्यांनी मळलेली आहे.

शिस्तभंग: एक. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायले. सोबत टिळकही होते. हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि बामणांनी मिशनऱ्याच्या घरचा चहा घेतला म्हणून पुणं पेटलं. रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहासाठी! आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनचा चहा प्यायल्यावर जे होत असे त्याला प्रायश्चित्तच म्हणता येईल, पण ते आपोआप, दुसऱ्या दिवशी सकाळी होत असे.

भांडारकरांचा फॉर्म घ्या. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक म्हणून काही वर्षं काढली, आणि जागा कायम भरायची वेळ आली तेव्हा ती पीटर्सन नावाच्या साहेबाला मिळाली. हे मी समन्वयकाला सांगितलं तेव्हा तो पोरगा खुर्चीवर सावरून बसला. ‘‘म्हणजे भांडारकरसुद्धा सी.एच.बी. होते, सर?’’ सी.एच.बी. म्हणजे तासाप्रमाणे पैसे. तितकं वाईट नव्हतं, मी म्हटलं, पण तुझ्याच गोत्रातलं. त्यानंतर त्या मुलाच्या चालण्यात फरक पडला.

याच भांडारकरांना पुढे १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. पण त्यांची खरी दहशत त्याआधीच बसलेली होती. पदवी मिळून दोनच वर्षं झाली असताना, १८६४ मध्ये, त्यांनी संस्कृत शिकणाऱ्यांसाठी पहिलं पुस्तक काढलं आणि मग दुसरं. पुढे कित्येक पिढ्यांची शाळकरी पोरं त्या दोन पुस्तकांतून ‘रामः रामौ रामाः’ करत मोठी झाली. माझे आजोबा भांडारकरांचं नाव घेताना हात कानाशी नेत असत. मला आधी वाटे की ते आदराने. मग कळलं की मास्तर तिथे पिळत असत.

आता ‘बॅचने मिळून काय केलं’ या कलमाकडे येतो, कारण इथे माझी पंचाईत झाली. या चौघांपैकी तिघांनी, म्हणजे रानडे, भांडारकर आणि आपले वगैरेंतले मोडक यांनी, १८८४ मध्ये पुढाकार घेऊन पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं. तेच हुजूरपागा. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती त्या जागी मुली शिकायला लागल्या. पदवी मिळून बावीस वर्षं झालेली, जो तो आपापल्या नोकरीत गुंतलेला, पुण्यातली निम्मी शहाणी माणसं विरोधात, आणि तरी वर्गमित्र एकत्र येऊन शाळा काढतात! आणि त्यांच्या स्वतःच्या वर्गात तर एकही मुलगी नव्हती. मुंबई विद्यापीठाला पहिली स्त्री पदवीधर, नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी, मिळायला त्यांच्यानंतर जवळपास पाव शतक जावं लागलं.

आमच्या बॅचने मिळून कॉलेजला पाण्याचा कूलर द्यायचं ठरवलं आहे. ठरून तीन वर्षं झाली. कूलर किती लिटरचा यावर मतभेद नाहीत. त्यावरच्या पाटीवर नावं कोणत्या क्रमाने, यावर आहेत. मी वर्णानुक्रम सुचवला तेव्हा ‘अ’ आडनावाचे सगळे ताबडतोब तयार झाले आणि ‘क्ष’ आडनावाचा एकमेव सभासद ग्रुप सोडून गेला.

ग्रुप सोडून जाण्याबद्दल मात्र आम्ही फार लाजायचं कारण नाही. त्याला मोठी परंपरा आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले सोबती. सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, अशा आणाभाका घेतलेले. पुढे न्यू इंग्लिश स्कूल झालं, केसरी झाला, १८८५ मध्ये फर्ग्युसन झालं, आणि मग आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून बसले. टिळक १८९० मध्ये हे शाळा-कॉलेज चालवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडले. दोघांनी दोन वर्तमानपत्रांतून एकमेकांना जे धुतलं, ते वाचताना आमच्या ग्रुपवरची भांडणं म्हणजे हळदीकुंकू वाटतं. फरक इतकाच की त्यांच्या भांडणातून महाराष्ट्राला विचार मिळाले आणि आमच्या भांडणातून अजून कूलरही मिळालेला नाही.

१८६२ च्या बॅचमध्ये असं उघड भांडण झालेलं मला सापडलं नाही. उलट १८९३ साली एक विलक्षण योग आला. न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग वारले. ते या चौघांच्या बरेच नंतरचे एल्फिन्स्टनचे विद्यार्थी, पण हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरूही होते. त्यांच्यामागे दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. न्यायमूर्तींच्या खुर्चीवर रानडे बसले, कुलगुरूंच्या खुर्चीवर भांडारकर. एकाच वर्गातले दोघं, एकाच वर्षी, एकाच माणसाच्या दोन जागांवर. आमच्यातले दोघं असे एकाच वेळी एकाच माणसाच्या जागेवर बसले होते ते फक्त एस.टी.त, आणि तो माणूस पाणी प्यायला खाली उतरला होता म्हणून.

पण इथेही बघा, मोडक आणि वागळे नाहीत. वगैरेंच्या नशिबी रिकामी खुर्ची सहसा येत नाही.

तारीख जवळ आली तशी मी शेवटचा उपाय केला आणि मामांकडे गेलो. मामा आमच्या वेळचे शिपाई. निवृत्त होऊन कॉलेजच्या मागच्या गल्लीत राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तोंडात दात नाहीत, पण डोक्यात सगळ्या बॅचांचं मस्टर जसंच्या तसं. मी नाव सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले.

‘‘मामा, मी अठ्ठ्याऐंशीच्या बॅचचा. आमच्या बॅचचा इतिहास लिहितोय.’’

‘‘अठ्ठ्याऐंशी? पंखा वाकवलेली बॅच.’’

‘‘आणखी काही?’’

‘‘आणखी काय? सात नंबरच्या खोलीतला पंखा. मधलं पातं. त्याला लोंबकळून पैज लावली होती कोणीतरी. माझा पगार कापला त्याच्यापायी, तेरा रुपये.’’

‘‘लोंबकळलं कोण होतं, ते आठवतं?’’

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पानाचा डबा उघडला. पुढची चौकशी मी केली नाही.

परत येताना सात नंबरच्या खोलीत डोकावलो. खोलीला आता ‘स्मार्ट क्लासरूम’ अशी पाटी आहे. भिंतीवर मोठा पांढरा पडदा, कोपऱ्यात कुंडी, नर्सरीची चिठ्ठी अजून तिच्या देठाला बांधलेली. वर पंखा तोच. बटण दाबलं. तो आळस दिल्यासारखा फिरू लागला आणि दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज आला. मी खाली उभा राहून ते टक्-टक् ऐकत राहिलो. शहाण्णव माणसांनी तीन वर्षं घालवून या इमारतीत जे कायमचं ठेवलं ते एवढंच.

भांडारकरांचं मागे काय राहिलं? त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ ला, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था सुरू झाली आणि त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला. तुलना करू नये म्हणतात, ते बरोबरच आहे. तुलना केल्यावर शिष्यवृत्ती थांबते.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी कॉलेजात धावपळ उडाली, कारण अहवालाच्या पाच प्रती बांधायच्या राहिल्या होत्या आणि कॉलेजचं झेरॉक्स मशीन बंद पडलं होतं. सगळे पळाले गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. हे दुकान आमच्या वर्गमित्राचं. तो टी.वाय.ला इंग्रजीत तीन मार्कांनी गेला, पुन्हा बसला नाही, आणि गेटसमोर टपरी टाकली. गेली तीन दशकं या कॉलेजातून जो कोणी पास झाला आहे तो त्याच्या दुकानातून पास झाला आहे. नोट्‌स त्याच्याकडे, अपेक्षित प्रश्नसंच त्याच्याकडे, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्याच्याकडे. आणि दोनच्या पेपरच्या आधी पावणेदोनला काखेत मावेल एवढ्या आकाराची मायक्रो झेरॉक्स, तीही त्याच्याकडेच. बंकिमचंद्रांना मिळाली तेवढी कृपा याला मिळाली असती तर हा पदवीधर झाला असता, कुठेतरी कारकुनी करत बसला असता, आणि आमच्या तालुक्यातलं उच्च शिक्षण कोसळलं असतं.

रात्री अकरापर्यंत त्याने पाच प्रती काढल्या, स्पायरल बांधल्या, वर प्लॅस्टिकची कव्हरं घातली. पैसे विचारले तर म्हणाला, ‘‘लिहून ठेवतो. कॉलेज कुठे पळून जातंय?’’ मी मॅडमना म्हटलं, ‘‘कीर्तिवंत माजी विद्यार्थी म्हणून याचं नाव टाकू या.’’ मॅडमनाही पटलं होतं, त्यांचा चेहरा सांगत होता. पण समन्वयकाने हळूच विचारलं, ‘‘सर, ते पदवीधर आहेत का?’’ नियम नियम असतो. नाव गळलं.

समिती आली, फिरली, पोहे खाल्ले. सात नंबरच्या खोलीत त्यांच्या अध्यक्षांनी वर बघून विचारलं, ‘‘हा आवाज कसला?’’ समन्वयक म्हणाला, ‘‘अठ्ठ्याऐंशीची बॅच, सर.’’ अध्यक्षांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

स्मरणिका परवा हातात पडली. आमच्या बॅचचा इतिहास पान चौदावर आहे. माझी दोन पानं जाहिराती आल्यामुळे सहा ओळींवर आली आहेत. कीर्तिवंत माजी विद्यार्थ्यांत पडलेले आमदार आहेत, सहा भूषणांचे मानकरी आहेत, कॅनडास्थित मैत्रीण आहे, आणखी चार जण आहेत. फोटो सगळ्यांचे आहेत. त्यानंतर स्वल्पविराम आहे आणि पुढे ‘वगैरे’ असा शब्द आहे.

तो मी. माझ्यासोबत तिथे अठ्ठ्याऐंशी जण आहेत. आमचा कूलर पुढच्या महिन्यात बसतोय; पाटीवर काय लिहायचं ते मी ग्रुपवर कळवलं आहे आणि वागळे, मोडक यांच्यापेक्षा आमच्यात माणसं जास्त असल्यामुळे एकच शब्द पुरेल असं सुचवलं आहे.